गेथनचा बर्फ, नागपूरचा मे आणि 'आम्ही दोघं'

झिरो_माईल | २७ मे, सकाळी ७.४०

काल २६ मे, म्हणजे आपल्याकडचा शून्य सावलीचा दिवस. बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास गच्चीवर स्टीलचा पेला पालथा घातला. सावली आक्रसत आक्रसत गेली आणि मग पेल्याभोवती काळी कडसुद्धा उरली नाही. पेला फरशीवर टेकलाय की अधांतरी तरंगतोय, तेच कळेना. तळव्यांना चटके बसायला लागले तशी खाली धूम. कूलरसमोर पुस्तक उघडलं, तर खुणेची चिठ्ठी नेमकी त्या पानावर, जिथे दोन माणसं सावली नाही म्हणून पुढचं पाऊल टाकायला घाबरतात. तिथे ऊन नाही, बर्फ आहे. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, उजेड चहूबाजूंनी सारखा, त्यामुळे समोर उंचवटा आहे की शंभर फुटांची भेग, काही दिसत नाही.

पुस्तक उर्सुला ल ग्विनचं, 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. १९६९ सालचं, नेब्युला आणि ह्यूगो दोन्ही मिळालेलं. हे माझं चौथं वाचन. पुढे रसभंग भरपूर आहे, ज्यांना पुस्तक कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच परतावं.

गेथन नावाचा ग्रह हिमयुगात अडकलाय. गेनली आय हा पृथ्वीवरचा माणूस तिथे एकटा दूत म्हणून आलाय. ऐंशीहून जास्त जगांचा एक संघ आहे, त्यात तुम्हीही या, एवढंच त्याचं मागणं. गेथनची माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना बाई ना पुरुष. मग काही दिवस 'केमर' येतो, तेव्हा शरीर दोहोंपैकी एकीकडे झुकतं, आणि कुठे झुकेल ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे एकच माणूस दोन मुलांची आई आणि तिसऱ्याचा बाप असू शकतो. राजा गरोदर राहतो आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

कादंबरीची तारीफ बहुतेक या एका कल्पनेसाठी होते. मला विचाराल तर ते जग उभं राहतं याहून बारक्या गोष्टींवर. जेवणाच्या टेबलावर एक छोटं अवजार असतं, दोन घोटांच्या मध्ये बिअरवर धरलेला बर्फ फोडायला. रस्त्यावरचा बर्फ उपसत नाहीत, रूळ फिरवून दाबून टाकतात. घरांना एक हिवाळी दार असतं, चांगलं उंचावर, कारण हिवाळ्यात जमीनच तिथपर्यंत वर येते. गाड्या अगदी सावकाश चालतात. जास्त वेगाने जाऊ शकतात, पण घाई कसली, असं तिथलं उत्तर. चालू वर्ष कायम पहिलंच, मागची-पुढची वर्षं त्याच्यापासून मोजायची. आणि कारहाइड या तिथल्या देशाच्या भाषेत पडलेल्या बर्फासाठी ६२ शब्द. पडत असलेल्या बर्फाचे आणखी वेगळे.

यातलं काहीही थांबून समजावलेलं नाही, येता-जाता दिसतं. गेनली मे महिन्यात सीताबर्डीवर उतरला असता तर त्याने अहवालात काय लिहिलं असतं? इथली माणसं दुपारी तोंडाला दुपट्टा असा गुंडाळतात की फक्त डोळे उरतात, बाई की पुरुष तेही कळत नाही. खिशात कांदा बाळगतात. खिडकीत पत्र्याची पेटी बसवून तिच्या तीन अंगांना गवत लावतात आणि रोज संध्याकाळी तिला बादलीने पाणी पाजतात. आपल्याला यात सांगण्यासारखं काय, असंच वाटेल. कारहाइडच्या माणसाला त्या बर्फफोडीबद्दल तसंच वाटत असणार. ल ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. परक्या घरात शिरल्यावर आधी चूल आणि भांडी बघायची, ही नजर तिला घरातूनच मिळाली असावी.

पण लिहायचं खरं कारण वेगळं. बर्फावरचं एक प्रकरण स्वतःपुरतं मराठीत करायला घेतलं आणि पहिल्याच पानावर गाडं अडलं. ते प्रकरण म्हणजे एस्त्रावेनची रोजनिशी. एस्त्रावेन हा कारहाइडचा पदच्युत पंतप्रधान, गेनलीबरोबर हिमनदी ओलांडणारा. इंग्रजीतल्या 'आय' या एका अक्षरामागे कोणीही लपू शकतं. मराठीत मात्र 'मी चाललो' की 'मी चालले'? क्रियापद लगेच चुगली करतं. जो दोन्ही आहे आणि दोन्ही नाही, त्याला मराठीत रोजनिशी लिहिता येणारच नाही का? मदत हवी आहे.

वऱ्हाडी_ठसका | २७ मे, सकाळी ९.०५

काहून भाऊ, बाहेर ४५ अन् तुम्ही बर्फाचं पुस्तक वाचून राहिले? :)

मी दोनदा घेतलं हातात, दोन्हीदा साठेक पानांवर सोडलं. राजा, त्याचा कारस्थानी चुलतभाऊ, सीमेवरच्या खोऱ्याचं भांडण... हे तर रोज पेपरात फुकटात वाचतोच ना बावा. बर्फफोडी मात्र ध्यानात राहिली होती. पुढं काही होते का त्यात, का सगळं असंच थंडगार?

रेवा | २७ मे, सकाळी ११.२०

ताई, दुपट्ट्याचं निरीक्षण फार आवडलं.

ठसका, त्या साठ पानांतच तर सगळं घडून जातं! गंमत एवढीच की गेनलीला ते दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. एस्त्रावेन त्याला घरी जेवायला बोलावतो आणि आडवळणाने सुचवतो की राजाकडून आशा ठेवू नका, माझंच आसन डळमळीत आहे. सरळ सांगत नाही, कारण तिथे न मागता सल्ला देणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा. याला ते 'शिफग्रेथोर' म्हणतात. गेनलीला वाटतं, हा माणूस हात झटकतोय. पुढे एस्त्रावेन हद्दपार होतो, तोही या दूताला मदत केली म्हणून. तरी गेनली मनात अढी धरून बसतो. अर्धं पुस्तक दोघं एकमेकांना चुकीचं वाचत राहतात.

आपल्याकडे हे काय नवीन आहे? मुलगी बघून गेलेले लोक 'पत्रिका बघून कळवतो' म्हणाले की घरातल्या शेंबड्या पोरालाही उत्तर कळतं. फक्त अमेरिकेतून आलेला भाचा आठवडाभर फोनची वाट बघत बसतो. गेनली म्हणजे तो भाचा. शिफग्रेथोरला मी 'आब' म्हणेन. 'मान' नको, मान मागता येतो. आब राखावा लागतो, स्वतःचाही आणि समोरच्याचाही. आणि त्या शब्दाचं मूळ सावलीच्या जुन्या शब्दात आहे, हे तुम्ही पेल्याच्या गोष्टीत कसं काय विसरलात?

अक्कलकाढा | २७ मे, दुपारी १.५०

कौतुकाच्या आरतीत थोडा खोकला काढतो.

गेथनची माणसं दोन्ही आहेत, हे लेखिका सांगते. दाखवते मात्र काय? राजा, मंत्री, कैदी, पळपुटा, बर्फावर घसरगाडी ओढणारा. सगळी आपण पुरुषाला देतो ती कामं. एस्त्रावेनला मुलं आहेत हे कळतं, पण एखादं पोर त्याच्या कडेवर दिसतं का? वर इंग्रजी सर्वनाम सगळीकडे 'ही', म्हणजे 'तो'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मिशाच येतात.

ही टीका मी शोधून काढलेली नाही, तेव्हापासून होत आलीय. ल ग्विनने १९७६ च्या निबंधात 'तो'ची बाजू लावून धरली, आणि दहा-बारा वर्षांनी त्याच निबंधाला स्वतःच टिपा जोडून बऱ्याच गोष्टी मागे घेतल्या. गेथनवरची तिची एक कथा आहे, 'विंटर्स किंग', तीही १९६९ ची. १९७५ साली ती संग्रहात घेताना तिने सगळ्यांना 'ती' करून टाकलं, राजाचा किताब मात्र 'किंग'च ठेवला. स्वतःची चूक छापून कबूल करणारा लेखक मला त्या कादंबरीपेक्षा मोठा वाटतो. कादंबरी ठीक आहे.

पंचगंगा | २७ मे, दुपारी ४.१५

कोल्हापुरातून रामराम. तुमची अडचण आमच्याकडे निम्मी सुटलेली आहे. आमच्या पोरी सर्रास 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. पुण्यात शिकायला गेल्यावर माझ्या बहिणीला होस्टेलवर यावरून इतकं चिडवलं की ती सुट्टीत घरी आली तेव्हा 'मी आले' म्हणाली, आणि आजीनं विचारलं, 'कोण आलं गं?'

एस्त्रावेनला कोल्हापूरचा करा, विषय संपला.

वऱ्हाडी_ठसका | २७ मे, दुपारी ४.४०

आमची भंडाऱ्याची आजी बी 'मी येतो' म्हणूनच घराबाहेर पडे. पण एस्त्रावेन कोल्हापूरचा झाला तर त्या हिमनदीवर तांबडा-पांढरा कुठून आणणार? सावजीचा रस्सा चालत असन तर बोला.

रेवा | २७ मे, रात्री ९.३०

नपुंसकलिंगाचा विचार केलात का? आपल्याकडे तिसरं लिंग आयतं आहे, इंग्रजीला ते चैनीचं वाटेल. 'एस्त्रावेन आलं, बसलं, बोललं.' मी मोठ्याने म्हणून बघितलं आणि हसू आलं. पंतप्रधान एकदम रांगायला लागतो. मराठीत हे लिंग लेकरांसाठी आणि पिल्लांसाठी मायेचं आहे. कोकणात तरुण मुलीलाही 'तें' म्हणतात. मोठ्या माणसाला लावलं की एक तर लाडीक वाटतं, नाहीतर तुच्छ.

प्रूफवाचक | २८ मे, सकाळी ८.१०

तीस वर्षं दुसऱ्यांची क्रियापदं दुरुस्त करतोय, तेव्हा राहवलं नाही.

मराठीत एक चोरवाट आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्माकडे बघतं. 'मी गाडी ओढली. मी तंबू ठोकला. मी उरलेलं अन्न मोजलं.' बोलणारी बाई की बाप्या, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. अडचण अकर्मकाची: गेलो, बसलो, थकलो. तिथे 'मला थकवा आला', 'मला पुढे जाववेना'. भविष्यकाळ सुरक्षित, 'मी जाईन'. साधा वर्तमानकाळ टाळा. 'म्हणालो' दगा देतं, 'म्हटलं' देत नाही. 'प्यालो'सुद्धा फसवं आहे, दिसायला सकर्मक पण कर्त्याच्या मागे जाणारं. गरम ऑर्श 'प्यालो' नको, 'घेतलं' लिहा.

आणि योगायोग बघा, बर्फावरची रोजनिशी जवळजवळ सगळी सकर्मकच आहे. ऐंशी दिवस ओढलं, मोजलं, तोललं, शिजवलं, वाटून खाल्लं. एस्त्रावेन स्वतःबद्दल कमी आणि हिशेबाबद्दल जास्त लिहितो. मराठी त्याला शोभेल.

पण हे सगळं मी तुम्हाला कशाला सांगतोय? लिहिता लिहिता मूळ धागा पुन्हा वाचला. 'पेला पालथा घातला.' 'खाली धूम.' 'हे माझं चौथं वाचन.' 'मराठीत करायला घेतलं.' एवढ्या मोठ्या मजकुरात स्वतःसाठी एक 'गेलो' नाही, एक 'गेले' नाही. ठसका भाऊ म्हणतात, रेवा ताई म्हणतात, आणि झिरो_माईल दोघांनाही दुरुस्त करत नाहीत.

वऱ्हाडी_ठसका | २८ मे, सकाळी ८.२५

आँ?

(परत वाचून आलो. खरंच बे. तुम्हाला नाही हो, माझ्या मनालाच म्हटलं.)

झिरो_माईल | २८ मे, सकाळी १०.००

पकडलं! त्या लेखाला तीन तास लागले. चोरवाट सापडली होती, पण ती दुसऱ्या कोणाच्या नजरेला टिकते का, ते बघायचं होतं. साडेचोवीस तास टिकली.

अक्कलकाढा, मुलं कडेवर दिसत नाहीत, हे शंभर टक्के मान्य. पण 'तो' या सर्वनामाला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. सांगणारा गेनली आहे आणि आंधळेपणा त्याचा आहे. एस्त्रावेनमध्ये जे पुरुषी दिसतं त्याला तो 'तो' म्हणतो, आणि जे बायकी वाटतं त्यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्या जेवणाच्या रात्री एस्त्रावेनची चतुराई त्याला बायकी वाटते, आणि तेवढ्यावरून तो माणूस त्याच्या लेखी बिनभरवशाचा ठरतो.

हे फुटतं ते तंबूत. बाहेर वादळ, आत स्टोव्हचा उजेड, आणि एस्त्रावेनला केमर येतो. बाजूला एकच माणूस, कायमचा पुरुष, त्यामुळे शरीर कुठे झुकणार ते उघड आहे. एस्त्रावेन तोंड फिरवून गप्प बसतो. गेनलीला वाटतं, माझं काही चुकलं का. विचारल्यावर कारण कळतं. आणि मग जे पहिल्या दिवसापासून समोर होतं आणि बघायची भीती वाटत होती, ते त्याला दिसतं: समोरचा माणूस पुरुष आहे तितकीच बाईही आहे. ते एकमेकांना हात लावत नाहीत. लावला असता तर पुन्हा परकेच झालो असतो, असं त्याला वाटतं. जवळीक आली ती सारखेपणातून नाही, दोघांमधल्या फरकातून. इतकं संयमित प्रेमाचं प्रकरण मी दुसरं वाचलेलं नाही.

आता मराठीची करामत. इंग्रजीत दोघांसाठी एकच 'वुई'. आपल्याकडे दोन पुरुष असतील तर 'आम्ही दोघे', बाई आणि पुरुष असतील तर 'आम्ही दोघं'. एक मात्रा आणि एक अनुस्वार. गेनलीच्या निवेदनात त्या रात्रीपर्यंत 'आम्ही दोघे' ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी ओढायला लागल्यावर, काहीही न सांगता, 'आम्ही दोघं'.

प्रूफवाचक | २८ मे, सकाळी १०.४०

बोलीत सगळेच 'दोघं' झालेत, निम्म्या वाचकांना फरक कळणार नाही. आणि माझ्यासारखा एखादा मुद्रितशोधक ती चूक समजून 'दोघे' करून टाकेल. तरीही ठेवा.

खांब_क्रमांक_चार | २८ मे, रात्री ११.१५

पुलांच्या कामावर असतो, एवढ्या उशिराच वेळ मिळतो. भाषेतलं मला कळत नाही, पण पहिल्या प्रकरणातल्या कमानीबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

मिरवणूक निघते आणि राजा स्वतःच्या हाताने कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा दगड बसवतो. त्या सांध्यातला चुना लालसर दिसतो. गेनली विचारतो, हा वेगळा का? एस्त्रावेन सांगतो, पूर्वी यात माणसाची हाडं आणि रक्त कालवत, रक्ताचं नातं नसेल तर कमान उभी राहत नाही. आता जनावराचं रक्त घालतात. हे वाचताना अंगावर काटा आला, कारण लहानपणी आमच्या गावाजवळ नदीवर पूल होत होता तेव्हा 'पायात घालायला पोरं पळवतात' म्हणून आम्हाला संध्याकाळी बाहेर सोडत नसत. मी तोच धंदा निवडला हा भाग वेगळा.

दगडी कमानीचं असं असतं की माथ्यावरचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या जोरावर उभीच नसते. खालच्या लाकडी सेंटरिंगवर सगळा भार असतो. दगड बसला की दोन्ही बाजू एकमेकींना रेटून धरतात आणि मग सेंटरिंग काढून घेता येतं. एस्त्रावेन सीमेवर गोळ्या खाऊन मरतो. त्यानंतर गेनलीला यान खाली उतरवायचं असतं, दोन जगं जोडायची असतात, आणि तेव्हा त्याच्या मनात ती कमान येते. या वेळी चुन्यात जनावराचं रक्त नाही. लेखिकेने हे पहिल्या दहा-पंधरा पानांत मिरवणुकीच्या गर्दीत ठेवून दिलं होतं, आणि मी बांधकामाची माहिती म्हणून वाचून पुढे गेलो होतो.

अक्कलकाढा | २९ मे, सकाळी ७.३०

कमानीचं मान्य. 'कादंबरी ठीक आहे' हे वाक्य मागे घेतो. बाकीचं तसंच.

वऱ्हाडी_ठसका | २९ मे, सकाळी ९.४५

भाऊ का ताई जे असान ते, काल तुमच्यापायी पुस्तक पुन्हा काढलं. सरळ बर्फापासून सुरू केलं, मधलं राजकारण गाळलं. रात्री दीडला लाईट गेली, कूलर बंद. मोबाईलच्या उजेडात घामाघूम होऊन वाचत बसलो अन् वाचता वाचता ते मनाने बोलायचं प्रकरण आलं.

गेनली त्याले मनातून हाक मारायला शिकवून राहिला. जमतच नाही. मंग एकदा 'थेरेम' म्हणून आतल्या नावानं हाक मारते, अन् तो दचकून उठते. कारण त्याले जो आवाज ऐकू आला तो गेनलीचा नाही, त्याच्या मेलेल्या भावाचा. ज्या भावावर त्याचा जीव होता त्याचा. अन् मनाने बोलताना खोटं बोलता येत नाही म्हणते. आता सांगा, पुढं रोज रात्री त्या तंबूत मेलेल्या माणसाच्या आवाजात गप्पा ऐकायच्या. मी पुस्तक पालथं घालून गच्चीवर जाऊन बसलो.

अजून एक. एस्त्रावेनले 'आय' हे नाव म्हणजे रात्री कोणीतरी दुखून मारलेली हाक वाटते. इंग्रजीवाल्याले ते समजून घ्यावं लागत असन. आपल्याकडे दुखलं का माणूस दुसरं काय म्हणते? आय गं!

रेवा | २९ मे, सकाळी १०.३०

ठसका, यावर काय लिहू? हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. गेनलीचं आडनाव मराठीत आईच्या हाकेसारखं वाजतं, आणि एस्त्रावेनला नेमकं तेच ऐकू येतं.

(गाळलेलं राजकारण वाचा मात्र. श्रमछावणीतून एस्त्रावेन गेनलीला अक्षरशः पाठीवर टाकून बाहेर काढतो.)

पंचगंगा | २९ मे, दुपारी १२.०५

भाषांतर कुठवर आलं? आणि शेवट कसा करणार?

झिरो_माईल | २९ मे, संध्याकाळी ६.२०

साडेचार पानं झाली. 'प्यालो' दोनदा घुसलं होतं, काढलं.

शेवट आधी करून ठेवला, कारण तिथे मराठीला काही अडचणच येत नाही. गेनली एस्त्रावेनच्या घरी जातो, म्हाताऱ्या बापाला भेटायला. तिथे सोर्वे आहे, एस्त्रावेनचं आणि त्या मेलेल्या भावाचं मूल. ते अडखळत विचारतं, तो कसा मेला ते सांगाल का, आणि ताऱ्यांमधल्या त्या दुसऱ्या जगांबद्दलही सांगाल का. इंग्रजीत तिथे 'बॉय' आहे. आपल्याकडे 'पोर' आहे. तो पोर, ती पोर, ते पोर, तिन्ही चालतं. 'पोराने विचारलं' म्हटलं की झालं, रेवाचं ते मायेचं लिंगही जागेवर बसलं.

ठसका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर रात्री. नळ आलाय, आणि कूलरला पाणी पाजायची पाळी आज माझी.